कॅप्टनला सांगायचे कोणी?

७ जुलै १९६२ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईकडे येत होते. पुढे त्याला रोम गाठायचे होते. आत ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी होते. मुंबईच्या नियंत्रण कक्षाशी बोलणे चालू होते, उतरण्याची तयारी सुरू झाली होती. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरच्या डोंगरात, माथ्यापासून अगदी थोडे खाली ते विमान आदळले. ९४ जणांपैकी एकही वाचला नाही.

ओझर, नारायणगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या लोकांना पावसाळ्यातले हे डोंगर चांगले ठाऊक आहेत. आषाढात घाटमाथा दिवसाढवळ्या ढगात बुडालेला असतो. रात्री तर शेजारचा माणूस दिसत नाही. परक्या वैमानिकाला त्या अंधारात खाली काय आहे हे डोळ्यांनी कळणे अशक्यच होते. त्याच्या हाती होती ती उपकरणे, नकाशा आणि बरोबरची माणसे. चौकशीत निष्पन्न झाले ते असे: आपण मुंबईच्या बरेच जवळ पोहोचलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला आणि त्या समजावर विसंबून त्याने विमान सुरक्षित उंचीच्या खाली आणले. दिशा आणि अंतर पडताळून पाहण्याची जी साधने उपलब्ध होती, त्यांचा पुरेसा उपयोग केला गेला नाही. या मुलखाची त्याला ओळखही नव्हती.

‘वैमानिकाची चूक’ असे एका ओळीत लिहून हे प्रकरण मिटवता येते, आणि बहुतेक वेळा तसेच मिटवले जाते. पण एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात यावी यासाठीच तर कॉकपिटमध्ये एकाहून अधिक माणसे बसवलेली असतात. त्या काळी कॉकपिटमधले बोलणे टिपून ठेवणारे यंत्र सक्तीचे नव्हते. जुन्नरच्या डोंगरावर आदळण्याआधी त्या माणसांमध्ये काय बोलणे झाले, कोणी शंका काढली, कोणी ती गिळून टाकली, हे सगळे त्यांच्याबरोबरच गेले.

नंतरच्या अपघातांत मात्र ते बोलणे टिपले गेले. जगभरच्या चौकशी समित्यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकले. त्यातून जे बाहेर आले, त्याचा संबंध यंत्रापेक्षा माणसांच्या आपापसातल्या वागण्याशी जास्त आहे. विमानात ज्याला धोका दिसतो तो पुष्कळदा सांगत नाही. सांगितले तर वरचा ऐकून घेत नाही. आणि ज्या प्रवाशांचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्यांना सगळ्यात शेवटी कळते. वर्तमानपत्रांत वैमानिकांचे भांडण, हवाई सुंदरीशी झालेली बाचाबाची आणि प्रवाशांचा गोंधळ या तीन वेगळ्या बातम्या म्हणून छापून येतात. त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते ओळखल्याशिवाय यातली एकही गोष्ट सुधारणार नाही.

कॉकपिटपासून सुरुवात करू.

७ ऑगस्ट २०२०. करोनाच्या काळात परदेशात अडकलेल्यांना मायदेशी आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान दुबईहून कोझिकोडला येत होते. कॅप्टन होते दीपक साठे. हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर, आईवडील नागपुरात, स्वतःचे घर मुंबईत पवईला. अनुभव दांडगा, कारकीर्द नावाजलेली. त्या संध्याकाळी कोझिकोडला जोरदार पाऊस होता. धावपट्टी टेकडीच्या सपाट माथ्यावर, दोन्ही टोकांना खोल उतार. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला. दुसऱ्या वेळी उलट्या दिशेने, पाठीवर वारा घेत विमान खाली आले आणि जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर त्याची चाके टेकली. पुढे ते थांबू शकले नाही. १९० जणांपैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

विमान अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. नियमाप्रमाणे हा शब्द उच्चारला गेला की वादाला जागा उरत नाही, विमान वर न्यावेच लागते. ते नेले गेले नाही. अहवालाने दोष दोन्हीकडे दाखवला: कॅप्टनने विहित पद्धत मोडून उतरणे चालू ठेवले, आणि सहवैमानिकाने सूत्रे स्वतःच्या हाती घेतली नाहीत. दोघांच्या अधिकारात आणि अनुभवात असलेली मोठी दरी, आणि कनिष्ठाला ठामपणे बोलता न येणे, याचीही अहवालाने नोंद घेतली.

याचा अर्थ साठे यांच्या माथी सगळे खापर फोडायचे असा मुळीच नाही, तसे करणे अन्यायाचे होईल. अहवाल वाचताना दिसते की त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच पुढचे विमान न्यायचे होते आणि त्या तळावर कॅप्टनांची संख्या फारच अपुरी होती. विमान दुसऱ्या गावी वळवले असते तर सकाळचे उड्डाण कोणी करायचे, हा प्रश्न होता. तो प्रश्न खरे तर कंपनीच्या कार्यालयात बसलेल्यांचा. पण पावसात, अंधारात, पुरेशी न चालणारी काचपुसणी समोर असताना त्याचे ओझे एका माणसाच्या डोक्यावर आले. कॉकपिटमधला ताण पुष्कळदा असा जमिनीवरून वर चढलेला असतो.

मंगळूरला याच्या दहा वर्षे आधी जवळजवळ हेच घडले होते. कंपनी तीच, दुबईहून येणारे विमान, टेकडीवरची धावपट्टी. २२ मे २०१०च्या सकाळी १६६ पैकी १५८ जण मरण पावले. ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज बराच वेळ ऐकू आला. झोपेतून उठल्यावर काही काळ बुद्धी मंद राहते, तशा अवस्थेत तो विमान उतरवत होता. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटले. तीनदा! आणि तरीही सूत्रे हाती घेतली नाहीत. एका अपघाताचा धडा दुसऱ्या अपघाताच्या दहा वर्षे आधी लिहून तयार होता.

आपल्याकडे वरिष्ठाला अडवणे हे उद्धटपणाचे लक्षण मानले जाते. घरात ‘मोठ्यांच्या तोंडाला लागू नकोस’, शाळेत ‘उलट उत्तर देऊ नकोस’, कचेरीत ‘साहेबांना कोण सांगणार’. या संस्कारात वाढलेला पंचवीस-तीस वर्षांचा सहवैमानिक, शेजारी वीस-तीस वर्षांच्या अनुभवाचा कॅप्टन. त्यात कॅप्टन सैन्यातून आलेला असेल तर हुद्द्याचा दरारा आणखी वाढतो. पुढची बढती, उड्डाणांचे वेळापत्रक, वार्षिक शेरा हे सगळे ज्याच्या मतावर अवलंबून असते, त्याच्या हातातली सूत्रे हिसकावून घ्यायची म्हणजे छाती लागते. ती छाती प्रत्येकाकडे असेल असे गृहीत धरून व्यवस्था चालवता येत नाही. कनिष्ठ बोलला तर त्याचे काहीही बिघडणार नाही, गप्प बसला तर मात्र जाब विचारला जाईल, अशी व्यवस्था मुद्दाम उभी करावी लागते.

अमेरिकेत ती उभारायला १९७८च्या एका अपघाताने भाग पाडले. पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीच्या विमानाचा कॅप्टन चाकांच्या बिघाडात इतका गुंतला की इंधन संपत आल्याचे भान त्याला राहिले नाही. बरोबरच्यांना ते दिसत होते, पण त्यांनी आडून आडून सुचवले. धडधडीत सांगितले नाही. इंधन संपले, विमान वस्तीत कोसळले, दहा जण गेले. दुसऱ्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि पुढे युनायटेडने आपल्या वैमानिकांना नवे प्रशिक्षण सुरू केले. आज जगभर ते ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ म्हणून ओळखले जाते. त्यात विमान उडवायला शिकवत नाहीत. बोलायला आणि ऐकायला शिकवतात.

हे प्रशिक्षण भारतातही बंधनकारक आहे. पण प्रमाणपत्र मिळाले म्हणजे स्वभाव बदलला असे होत नाही. १ जानेवारी २०१८ रोजी लंडनहून मुंबईला येणाऱ्या जेट एअरवेजच्या विमानात दोन्ही वैमानिकांचे भांडण झाले. सहवैमानिक असलेल्या महिलेला थप्पड मारल्याचा आरोप कॅप्टनवर झाला, ती रडत बाहेर आली आणि काही वेळ दोघेही कॉकपिटबाहेर होते. मागे ३२४ प्रवासी बसलेले होते. विमान सुखरूप उतरले, दोघांच्या नोकऱ्या गेल्या, परवाने निलंबित झाले. हा प्रकार अपवादात्मक खरा. पण शेजारी बसलेल्या सहकाऱ्यावर हात उचलण्याइतपत आपण वरचढ आहोत असे कोणाला वाटू शकते, यावरून त्या दाराआडच्या वातावरणाची कल्पना येते.

आता दाराच्या अलीकडे येऊ, जिथे प्रवासी आणि केबिनमधले कर्मचारी असतात. १९८९ या एकाच वर्षातली तीन उड्डाणे एकापुढे एक ठेवून पाहावीत इतकी बोलकी आहेत.

जानेवारीत हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या विमानाच्या डाव्या इंजिनात बिघाड झाला. कॉकपिटमध्ये धूर आला, विमान थरथरू लागले आणि वैमानिकांनी गडबडीत उजवे, म्हणजे चांगले इंजिन बंद केले. कॅप्टनने ध्वनिवर्धकावरून प्रवाशांना सांगितले की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केले आहे. मागे बसलेल्या कित्येक प्रवाशांनी डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. केबिनमधल्या काही कर्मचाऱ्यांनीही पाहिल्या होत्या. ‘उजवे’ हा शब्द त्यांना खटकलाही. पण कॅप्टनला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असे मानून सगळे गप्प बसले. केगवर्थ गावापाशी, धावपट्टी समोर दिसत असताना डावे इंजिनही गेले. ४७ माणसे मेली.

मार्चमध्ये कॅनडातल्या ड्रायडन गावी बर्फ पडत होते. एअर ऑन्टॅरिओचे विमान पंखांवर साचलेले बर्फ न काढताच उड्डाणाला निघाले. पंखांवर बर्फ आहे हे प्रवाशांना खिडकीतून दिसत होते, कर्मचाऱ्यांनाही दिसत होते. वैमानिकांना त्यांचे काम कोणी सांगितलेले आवडत नाही, असा अनुभव असल्याने कोणी कॉकपिटपर्यंत गेले नाही. विमान उडाले आणि झाडांत कोसळले. २४ जण गेले.

जुलैमध्ये अमेरिकेत युनायटेडच्या विमानाचे मागचे इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची सगळी यंत्रणाच निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांना अशा प्रसंगाचे शिक्षण कोणी दिलेले नव्हते, कारण असा प्रसंग येईल असे कोणी धरलेच नव्हते. प्रवाशांमध्ये त्याच कंपनीचा एक प्रशिक्षक वैमानिक, डेनिस फिच, बसला होता. त्याने हवाई सेविकेकरवी निरोप पाठवला की काही मदत हवी असेल तर मी आहे. हेन्स यांनी त्याला आत बोलावून घेतले आणि उरलेल्या दोन इंजिनांचे दांडे त्याच्या हाती दिले. चौघांनी मिळून ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. उतरताना ते मोडले, पेटले. पण २९६ पैकी १८४ जण जगले. आपल्याला एकट्याने हे जमले नसते, असे हेन्स नंतर आयुष्यभर सांगत राहिले आणि श्रेय त्याच नव्या प्रशिक्षणाला देत राहिले.

पहिल्या दोन विमानांत माहिती मागच्या खुर्च्यांपर्यंत होती आणि तिथेच अडकली. तिसऱ्यात ती पुढे गेली आणि पुढच्या माणसाने तिला जागा दिली.

मुंबईशी जोडलेले याचे एक उदाहरण आहे आणि ते अभिमानाने सांगावे असे आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अॅमचे विमान कराचीच्या विमानतळावर उभे असताना सशस्त्र अतिरेकी आत शिरले. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत त्या विमानातली प्रमुख परिचारिका होती. केबिनमधून कॉकपिटला तत्काळ इशारा गेला आणि वैमानिक छताच्या झडपेतून बाहेर पडले. विमान उडवायला माणूसच उरला नाही, त्यामुळे ते कुठे नेणे अतिरेक्यांना शक्य झाले नाही. पुढचे कित्येक तास नीरजाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रवाशांना सांभाळले, अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले. गोळीबार सुरू झाल्यावर दारे उघडून लोकांना बाहेर काढताना ती मारली गेली, तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. केबिनमधल्या मुली फक्त चहा-पाणी देण्यासाठी असतात असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

ही समजूत आजही गेलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये इस्तंबूलहून दिल्लीला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात जेवणावरून वाद झाला. आपण कंपनीची कर्मचारी आहोत, तुमची नोकर नव्हे, असे हवाई सुंदरीने प्रवाशाला सुनावले. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि तिने आवाज चढवायला हवा होता की नको यावर चर्चा रंगली. ही मुलगी आग लागल्यावर दीड मिनिटात विमान रिकामे करण्यासाठी तयार केलेली आहे, ही गोष्ट त्या चर्चेत फारशी कोणाला आठवली नाही.

आणि पुण्याचे प्रकरण तर महाराष्ट्राने विसरूच नये. २३ मार्च २०१७ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर इंडियाच्या विमानात उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड होते. त्यांचे तिकीट बिझनेस वर्गाचे होते आणि त्या विमानात बिझनेस वर्गच नव्हता. तक्रार योग्य होती. पण दिल्लीत उतरायला नकार देऊन त्यांनी समजवायला आलेल्या अधिकाऱ्याला चपलेने मारले, आणि पंचवीस वेळा मारले असे स्वतःच कॅमेऱ्यापुढे सांगितले. विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली. दिलगिरीचे पत्र आल्यावर एप्रिलमध्ये ती उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशांसाठी नवे नियम केले: तोंडाने त्रास देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका निर्माण करणाऱ्याला किमान दोन वर्षे. नियम चांगले आहेत. मात्र ते फक्त प्रवाशाकडे बोट दाखवतात, आणि गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

१४ जानेवारी २०२४ या दिवशी ते स्पष्ट दिसले. दिल्लीत दाट धुके होते, शेकडो उड्डाणे रखडली होती. दिल्लीहून गोव्याला जाणाऱ्या इंडिगोच्या विमानात प्रवासी कित्येक तासांच्या खोळंब्यानंतर बसलेले. सहवैमानिक पुढे येऊन आणखी उशीर होणार असल्याचे सांगू लागला, तेव्हा मागून एक प्रवासी धावत आला आणि त्याने त्याला ठोसा मारला. हा वैमानिक आधीच्या वैमानिकांच्या कामाचे तास संपले म्हणून बदली आलेला होता. म्हणजे ज्याने उशीर केला नाही आणि जो समोर उभा राहून खरे सांगत होता, त्यालाच मार बसला. दिवसभर ‘थोड्याच वेळात’ असे निरोप देणारे कोणी त्या विमानात नव्हतेच.

त्याच दिवशी गोव्याहून दिल्लीला निघालेले दुसरे विमान धुक्यामुळे मुंबईला वळवले गेले. वैतागलेले प्रवासी बाहेर पडले आणि विमानाशेजारीच, जमिनीवर बसून जेवू लागले. त्या चित्राने देश हादरला. इंडिगोला एक कोटी २० लाखांचा दंड झाला, मुंबई विमानतळालाही दंड बसला. महासंचालनालयाने दुसऱ्याच दिवशी कंपन्यांना बजावले की उशिराची खरी माहिती वेळच्या वेळी द्या, आणि तीन तासांहून अधिक उशीर होणार असेल तर उड्डाण आधीच रद्द करण्याची मुभाही दिली. एवढे साधे सांगण्यासाठी माणसांना विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवावे लागले.

ठोसा मारणाऱ्याची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. बंद विमानात वैमानिकावर हात टाकणे हा दोनशे जणांच्या जिवाशी खेळ आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण बाकीचे प्रवासी, ज्यांनी हात उचलला नाही, त्यांच्या मनात काय साचले होते याचाही विचार करायला हवा. माणूस उशीर सहन करतो. एसटी बंद पडली तर कंडक्टर खाली उतरून सांगतो, ‘पाटा तुटलाय, दुसरी गाडी मागवलीय, तासभर लागेल’, आणि प्रवासी झाडाखाली जाऊन बसतात. विमानात मात्र ‘तांत्रिक कारण’ एवढेच शब्द कानावर पडतात, दारे बंद असतात, आणि आपल्याला खरे सांगितले जात नाही ही शंका हळूहळू खात्रीत बदलते.

डिसेंबर २०२५ मध्ये तर ही शंका लाखो लोकांनी अनुभवली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले होते: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्रीच्या वेळी उतरण्याची संख्या सहावरून दोनवर. नियम येणार हे जानेवारी २०२४ पासून जाहीर होते. इंडिगोने पुरेशी तयारी केली नाही आणि उड्डाणे धडाधड रद्द झाली. ५ डिसेंबरला एका दिवसात एक हजाराहून अधिक. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरही हाल झाले. लग्नाला निघालेली माणसे, परीक्षेला निघालेली मुले, सगळे काउंटरवरच्या पोराला धारेवर धरत होते, आणि त्या पोराकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. शेवटी सरकारने कंपनीला त्या नियमांतून तात्पुरती सूट दिली.

ही सूट देणे चूक होते. मंगळूरला घोरणाऱ्या कॅप्टनमागे १५८ जण गेले, त्यानंतर इतक्या वर्षांनी विश्रांतीचा कडक नियम आला, आणि पहिल्याच परीक्षेत तो सैल केला गेला. रागावलेल्या प्रवाशांना नियमाचे कारण कोणी नीट सांगितलेच नाही. दमलेला वैमानिक घरी झोपला आहे तो तुमच्यासाठीच, हे कंपनीने स्वतःच्या ढिसाळ नियोजनाच्या कबुलीसह आधी सांगितले असते, तर राग जिथे जायला हवा होता तिथे गेला असता.

माहिती दाबून ठेवण्याची सवय वरपर्यंत गेली आहे याचा आणखी एक पुरावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात एका वृद्ध महिलेच्या अंगावर सहप्रवाशाने लघवी केल्याची तक्रार झाली. पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो जानेवारीत. महासंचालनालयाने कंपनीला ३० लाखांचा दंड केला आणि कॅप्टनचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. विमानात काय घडले याची जबाबदारी शेवटी कॅप्टनवरच असते, म्हणून. ते कायद्याने बरोबर आहे. पण कॅप्टनला जबाबदार धरायचे असेल, तर त्याच्यापर्यंत बातमी पोहोचवणाऱ्यालाही संरक्षण द्यायला हवे.

२००१च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर कॉकपिटचे दार कायम बंद असते आणि त्याला गोळीही भेदू शकत नाही. ते आवश्यकच आहे. आता मागच्या भागातून पुढे जायला उरला आहे तो फक्त एक फोन. तो उचलायला परिचारिकेला भीती वाटू नये. उड्डाण करताना आणि उतरताना, दहा हजार फुटांच्या खाली, वैमानिकांशी अनावश्यक बोलायचे नसते. यातला ‘अनावश्यक’ हा शब्द कित्येक नव्या मुली इतक्या गंभीरपणे घेतात की धूर दिसला तरी आधी वरिष्ठ सहकारी शोधतात. त्यांना एकदा स्पष्ट शब्दांत सांगायला हवे की धोक्याची बातमी कधीच अनावश्यक नसते. अशी बातमी देणाऱ्याला, ती खोटी ठरली तरी, कंपनीने आभाराचे पत्र द्यावे. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले आणि कॅप्टनने ऐकले नाही अशी घटना, अपघात झाला नाही तरी, महासंचालनालयाने तपासावी आणि सहवैमानिकाची पाठराखण करावी. विमानांत बसवलेल्या नोंदयंत्रांतून हे दर उड्डाणाला कळू शकते. कळूनही काय केले, हे जाहीर व्हायला हवे.

प्रवाशांच्या बाबतीत मागणी त्याहून साधी आहे. उशिराचे खरे कारण, अपेक्षित वेळ आणि जेवणखाण, पर्यायी उड्डाण, परतावा यांवरचा हक्क हे तिन्ही मोबाइलवर लेखी आणि मराठीसह प्रवाशाच्या भाषेत मिळाले पाहिजे. छोट्या देशांतर्गत उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. हा नियम आजही बहुतेकांना माहीत नाही, कारण तो सांगण्यात कोणाचाच फायदा नाही.

ओझरच्या विघ्नहराला नारळ वाढवून, नारायणगावच्या स्टँडवरून पुण्याला आणि तिथून पहिल्यांदाच विमानाने निघणारी कितीतरी माणसे या भागात आहेत. लेकीकडे दुबईला, मुलाकडे अमेरिकेला जाणारे आईवडील आहेत. त्यांना आणि आपल्या सगळ्यांना एवढीच विनंती. विमानात बसल्यावर खिडकीतून काही विपरीत दिसले, वास आला, आवाज आला, तर ‘आपल्याला काय कळते’ म्हणून गप्प बसू नका. डोक्यावरची बेल दाबा आणि दिसले ते दिसले तसे, आपल्या भाषेत सांगा. उशीर झाला तर कारण विचारा, लेखी मागा, मिळाले नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि गणवेशातला जो मुलगा किंवा मुलगी समोर येऊन अप्रिय बातमी सांगते, तिच्यावर आवाज चढवू नका, हात तर नकोच. ती बातमी द्यायला ती उभी राहिली आहे. तुमच्या रागाचे उत्तर जिने द्यायचे ती कंपनी त्या वेळी विमानात नसते, आणि तक्रार त्या कंपनीच्याच नावाने व्हायला हवी.